दुरुस्तीचा खर्च आणि पाडण्याचा नफा

गेल्या महिन्यात गिरगावातील आमच्या चाळीच्या अंगणात भाडेकरूंची सभा भरली होती. विषय एकच होता. नव्वदी उलटलेली ही इमारत दुरुस्त करून घ्यावी, की पाडून तिच्या जागी नवी उभी करावी? सभेला एक बिल्डर (आजकाल त्यांना विकासक म्हणण्याचा प्रघात आहे) आपल्या वास्तुशिल्पज्ञासह आला होता. त्याने बावीस मजली मनोऱ्याचे एक रंगीत चित्र आणले होते आणि ते सर्वांना दिसावे म्हणून तळमजल्यावरच्या एका खांबाला टेकवून ठेवले होते. तो खांब गेली अकरा वर्षे स्वतःच टेकूच्या आधाराने उभा आहे. ही गोष्ट सभेत कोणाच्याच ध्यानात आली नाही, कारण टेकू आता आमच्या नजरेला जिन्यासारखेच सवयीचे झाले आहेत.

चर्चा रंगात आली तेव्हा आमचे एक तरुण साथी उठले. ते म्हणाले, "सर, दुरुस्ती म्हणजे ठिगळ. समाजाची जुनी इमारत पाडून नवी बांधू म्हणणारे आपण, आणि स्वतःच्या चाळीची वेळ आली की ठिगळाची बाजू घेणार? कष्टकऱ्याला मालकीचे घर आणि घरातला संडास मिळत असेल, तर आपण आडवे का यावे?" टाळ्या पडल्या. मी त्या वेळी काही बोललो नाही. त्यांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. परंतु हाच युक्तिवाद आपल्या पक्षाचे अनेक कार्यकर्ते लालबाग-परळपासून माझगावपर्यंत आज करीत आहेत, आणि म्हणून त्याचे उत्तर एका अंगणात देऊन भागणार नाही.

प्रथम त्यांच्या म्हणण्यातले जे खरे आहे ते मान्य करू. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, पहाटे नळावरची रांग, पोटमाळ्यावर अभ्यास करणारी मुले, बाळंतिणीला आडोसा नाही, मरणाऱ्याला शांतता नाही, हे चाळीचे जीवन मी साठ वर्षे जगलो आहे. चाळसंस्कृतीच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक लेखक ते गहिवर पार्ल्याच्या किंवा पुण्याच्या सदनिकेत बसून लिहितात. आमच्या मजल्यावरील सत्तरीच्या काकूंना रात्री संडासला जाण्यासाठी चाळीस पावले अंधारी गॅलरी ओलांडावी लागते. त्यांना शेजारधर्माचे माहात्म्य सांगण्याचे धाडस मी करणार नाही. तेव्हा जुने ते जतन करावे असा माझा पक्ष मुळीच नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. 'दुरुस्ती की पुनर्बांधणी' हा प्रश्न मुंबईत ज्या पद्धतीने विचारला जातो, त्या पद्धतीतच उत्तर आधी ठरवून ठेवलेले असते. ते उत्तर इमारतीच्या भिंतींनी ठरवलेले नसते. ते जमिनीच्या भावाने ठरवलेले असते.

कोकणातल्या एखाद्या शेतकऱ्याचे घर घ्या. पावसाळ्यानंतर तो गवंड्याला आणि सुताराला बोलावतो. गवंडी जोते पाहतो, भिंतीला ओळंबा लावतो. सुतार तुळईवर हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकतो, वाशांना वाळवी लागली आहे काय ते बघतो. जोते खचले नसेल, भिंत ओळंब्यात असेल, तर नासके वासे बदलून, कौले चाळून घर पुन्हा पंचवीस-तीस वर्षे उभे राहते. जोतेच खचले असेल तर पाडण्यावाचून गत्यंतर नाही. किती खर्च, किती आयुष्य आणि त्या काळात राहायचे कुठे, ही तीन उत्तरे एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र येतात आणि तो निर्णय घेतो. तो निर्णय चुकू शकतो, पण प्रामाणिक असतो, कारण जमीन त्याची, घर त्याचे आणि त्या छपराखाली झोपणाराही तोच.

मुंबईत ही तिन्ही नाती तुटलेली आहेत. जमीन घरमालकाची, झोपणारा भाडेकरू, बांधणारा तिसराच आणि पाडण्या-बांधण्याचे नियम करणारे सरकार चौथे. खर्च एकाचा, धोका दुसऱ्याचा आणि नफा तिसऱ्याचा, अशी जिथे वाटणी असते तिथे हिशेबाची बेरीज कधीच जमत नाही. ही वाटणी कशी झाली हे पाहिल्याशिवाय आमच्या साथींच्या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धकाळातील टंचाई, फाळणीनंतरचे निर्वासितांचे लोंढे, गिरण्यांकडे धावणारा कोकण-देशावरचा कामगार, हे सारे ध्यानात घेता तो कायदा त्या काळी आवश्यकच होता. डाव्या चळवळीने त्याच्या रक्षणासाठी मोर्चे काढले, ते योग्यच होते. पण एक कबुली आपण आजवर दिली नाही, ती या वयात मला दिली पाहिजे. आपण भाडे गोठवले. चुना, सागवान आणि गवंड्याची मजुरी आपल्याला गोठवता आली नाही. इमारतीच्या देखभालीचा पैसा भाड्यातून येणे बंद झाले, तेव्हा तो कुठून यावा याची तजवीज करण्याचे काम आपण मालकावर आणि देवावर सोपवले. मालकाने भिंतीला हात लावणे सोडले, पण पागडी घेणे सोडले नाही. भाडे कागदावर गोठले आणि पागडी कागदाबाहेर वाढत गेली. आणि खरे सांगायचे तर त्या व्यवहारात खोली सोडून जाणारा भाडेकरूही वाटेकरी होता. दर पागडीमागे मालकाने वाटा घेतला, त्यातला एक रुपयाही छपरावर गेला नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. २००० साली अमलात आलेल्या नव्या भाडे कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीला मान्यताही दिली. तोवर पन्नास पावसाळे होऊन गेले होते.

मधल्या काळात इमारती कोसळू लागल्या, माणसे दगावू लागली आणि १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. बेट शहरातील जुन्या इमारतींवर उपकर बसवायचा, त्यात सरकार व महापालिकेने भर घालायची आणि मंडळाने दुरुस्ती करायची, अशी योजना होती. प्रारंभी १९,६४२ इमारती उपकराखाली आल्या. त्यांतील १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. पुढे हे मंडळ म्हाडात विलीन झाले. कल्पना उत्तम होती. मालकाने टाकलेली जबाबदारी समाजाने उचलावी, याहून अधिक समाजवादी विचार तो कोणता? परंतु कायद्यात एक मेख होती. दर चौरस मीटरला किती खर्च करायचा याची मर्यादा त्यात घातली गेली. खर्च त्या मर्यादेत बसला तर इमारत दुरुस्तीयोग्य, न बसला तर 'वाजवी खर्चात दुरुस्त न होणारी'. हा 'वाजवी' शब्द पाहा. मर्यादा महागाईच्या मागून रखडत वाढे. वरचा खर्च भाडेकरूंनी भरावा, ही मुभा होती. पण चाळीतील चाळीस कुटुंबांपैकी दहा विधवा, आठ बेकार आणि पाच भांडणारे भाऊ असताना तो पैसा जमणार कसा? म्हणजे इमारत दुरुस्त होऊ शकते की नाही हे तिच्या लाकडावरून ठरेनासे झाले. ते अर्थखात्याच्या एका आकड्यावरून ठरू लागले.

दुरुस्ती झाली तीही कशी, हे आमच्या चाळीत येऊन पाहावे. या इमारती विटा, चुना आणि सागवान यांच्या आहेत. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. ठेकेदाराने तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि भिंतीत रुतलेली तुळईची टोके आतल्या आत कुजतात. मागच्या बाजूला मोऱ्या आणि संडास एकावर एक आहेत. तिथले सांडपाण्याचे नळ गळतात, आणि बहुतेक चाळींचे मरण त्याच कोपऱ्यातून सुरू होते. नळ बदलण्याचे काम लहान, त्यात ठेकेदाराला फारसे सुटत नाही. म्हणून नळ तसाच राहतो आणि कुजलेल्या तुळईखाली लोखंडी गर्डर घातला जातो. पुढच्या आठ-दहा वर्षांत त्याच गळतीने गर्डर गंजतो. मग टेकू येतात. टेकू तात्पुरते असतात असे बांधकामाच्या पुस्तकात लिहिलेले आहे. आमच्याकडे टेकू आल्यावर जन्मलेली मुले आता सहावीत आहेत. आमच्या साथींनी दुरुस्तीला ठिगळ म्हटले, ते या दुरुस्तीपुरते खरे आहे. पण वाईट शिंप्याने लावलेले ठिगळ उसवले म्हणून कापडच टाकाऊ आहे, असा निष्कर्ष निघत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ३३(७) ने उपकरप्राप्त इमारत पाडून बांधणाऱ्याला जादा चटईक्षेत्र देऊ केले, आणि १९९९ साली त्याचा हात आणखी सैल केला. आजच्या नियमावलीत भाडेकरूला किमान तीनशे चौरस फुटांचे घर विनामूल्य द्यायचे आहे. एकट्या भूखंडावर त्याच्या निम्म्याइतके क्षेत्र बांधणाऱ्याला बक्षीस म्हणून विकायला मिळते, अनेक भूखंड एकत्र केले तर साठ ते सत्तर टक्क्यांपर्यंत. बारीकसारीक तपशील बाजूला ठेवून समजा की चाळीत चाळीस भाडेकरू आहेत. त्यांच्यासाठी बारा हजार फूट बांधले की विक्रीला निदान सहा हजार फूट हाती येतात. गिरगावात विक्रीच्या एका फुटाचा भाव माझ्यासारख्या प्राध्यापकाच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाच्या आसपास जातो. हा पैसा कोणी कमावला? बिल्डरने जमीन निर्माण केली नाही, समुद्र जवळ आणला नाही, रेल्वे बांधली नाही. शहराने दीडशे वर्षांत केलेल्या सामुदायिक श्रमांनी जमिनीला जो भाव आला, तो सरकारने एका नियमाच्या आधारे त्याच्या पदरात टाकला. रिकार्डोने ज्याला भूमीचा खंड म्हटले तोच हा. फक्त तो आता उभा, मजल्यावर मजला वाढतो.

याच भूखंडावरची इमारत कोणी उत्तम रीतीने दुरुस्त केली, नळ बदलले, तुळयांची टोके नवी केली, मजल्यावर चार नवे संडास बांधले, तर त्याला बक्षीस किती? एक फूटही नाही. दुरुस्ती हा निखळ खर्च आहे आणि पाडणे हा निखळ नफा. असा तराजू उभा करून सरकार भाडेकरूंना म्हणते, तुम्ही मुक्तपणे निवड करा. शिवाय त्या निवडीसाठी लागणारी संमतीही सत्तर टक्क्यांवरून एक्कावन्नवर आणली आहे. एकोणपन्नास कुटुंबांचा आक्षेप आता आक्षेप राहिलेला नाही, ती गैरसोय झाली आहे.

तराजू असा झुकला की मोजमापेही झुकतात. तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणे महापालिका कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. इमारत 'सी-१' ठरली की रिकामी करून पाडायची. 'सी-२'च्या वर्गात ठरली की दुरुस्ती करता येते. प्रश्न असा की तपासनीसाला पैसे कोण देतो? मालकाने नेमलेल्या अभियंत्याला इमारत सी-१ दिसते आणि भाडेकरूंनी नेमलेल्याला तीच सी-२ दिसते. हे इतके नेहमीचे झाले की परस्परविरोधी अहवालांवर निर्णय देण्यासाठी महापालिकेला स्वतंत्र तांत्रिक सल्लागार समिती ठेवावी लागली. काळा घोड्यापाशी १८६० च्या दशकातली, बिडाच्या सांगाड्याची एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. तिच्याबाबतही एका बाजूच्या तज्ज्ञांनी पाडा म्हटले आणि दुसऱ्या बाजूच्यांनी वाचवता येते म्हटले. ती वारसा इमारत असल्यामुळे निदान दोन्ही अहवाल न्यायालयापुढे तरी गेले. खेतवाडीतल्या चाळीसाठी कोण वारसातज्ज्ञ धावणार? आमच्या चाळीचा अहवाल मी वाचला आहे. त्यात काँक्रीटचा कठीणपणा मोजण्याच्या हातोड्याचे आणि ध्वनिलहरींचे आकडे तक्त्यात दिले आहेत. आमच्या चाळीत काँक्रीट आहे ते फक्त पाण्याच्या टाकीखाली. सागवानी तुळयांची टोके उघडून पाहिल्याची एकही नोंद त्या बेचाळीस पानांत नाही.

यावर आमचे साथी म्हणतील, सर, तुमची तपासणी चालू असताना इमारत कोसळली तर? हा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली. पण ती इमारत पुनर्विकासाविना राहिलेली नव्हती. एका भव्य समूह पुनर्विकास प्रकल्पात ती समाविष्ट होती आणि २०११ सालीच धोकादायक ठरली होती. पुनर्विकासाच्या यादीत नाव लागले की त्या इमारतीत कोणी खिळाही ठोकत नाही. मंडळ म्हणते आता पाडायचीच आहे, मालक म्हणतो करार झाला आहे, आणि भाडेकरू म्हणतो दोन वर्षांसाठी पैसे का घालू. ती दोन वर्षे सहा होतात, बारा होतात. माणसे मरतात ती बहुधा या मधल्या काळात. त्याच वर्षी जुलैत घाटकोपरला इमारत पडून १७ जण दगावले. तिथे तळमजल्यावर नूतनीकरणाच्या नावाखाली खांबांना हात घातला गेला होता. म्हणजे अडाणी दुरुस्तीही मारते, हे मी लपवीत नाही. आणि २०१३ साली माझगावला जी इमारत पडून ६१ माणसे मेली ती तर खुद्द महापालिकेची होती. तेव्हा सार्वजनिक मालकी म्हटले की सुरक्षितता आपोआप येते, या आपल्या आवडत्या समजुतीलाही तिथे तडा गेला आहे. धोका असेल तिथे माणसे आधी बाहेर काढावीत, याबद्दल दुमत असू शकत नाही. परंतु रिकामी करणे वेगळे आणि पाडण्याचा हक्क बिल्डरला लिहून देणे वेगळे. भीतीच्या पोटी या दोन गोष्टी एकाच कागदावर सही करून दिल्या जातात.

त्या कागदाचे पुढे काय होते? गोरेगावच्या पत्रा चाळीतील ६७२ कुटुंबांनी २००८ च्या कराराच्या भरवशावर घरे सोडली. भाडे थांबले, काम थांबले आणि दहा वर्षांहून अधिक काळ ती माणसे दारोदार राहिली. शीवच्या प्रतीक्षानगरात जाऊन पाहा. संक्रमण शिबिरात तात्पुरते म्हणून गेलेल्यांची नातवंडे तिथेच शाळेत जात आहेत. मनोरा उभा राहिला तरी गोष्ट संपत नाही. उद्वाहन, पंप, अग्निशमन यंत्रणा, पहारेकरी यांचा मासिक खर्च येतो. बिल्डर एक ठोक निधी देतो आणि त्याच्या व्याजावर सारे भागेल असे सांगतो. व्याजदर उतरला किंवा बावीस मजल्यांचे उद्वाहन एकदा मोडले की तो निधी पुरत नाही. मग निवृत्त गिरणी कामगार ते तीनशे फूट विकतो आणि विरार-बदलापूरच्या गाडीत बसतो. एंगल्सने १८७२ साली गृहप्रश्नावर लिहिताना हेच दाखवून दिले होते, की शहर सुधारण्याच्या या पद्धतीत गलिच्छ वस्ती नष्ट होत नाही, तिची फक्त जागा बदलते. आपल्या अभ्यासवर्गातून तो मजकूर अलीकडे गायब झाला आहे. असो.

बीडीडी चाळींचे उदाहरण मात्र मला प्रामाणिकपणे माझ्या विरोधात ठेवले पाहिजे. १९२० च्या दशकातल्या त्या २०७ इमारती, १६० फुटांच्या खोल्या. तिथे २०१७ साली म्हाडाच्या हाती काम दिले गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आठ वर्षे लागली, पण मिळाल्या. त्या खोल्या कितीही दुरुस्त केल्या तरी १६० च्या पाचशे झाल्या नसत्या. तिथे पाडणे योग्य होते असे माझे मत आहे. पण तिथे जमीन सरकारची होती आणि बांधून घेणारी संस्था सार्वजनिक. पाडणे योग्य ठरते तेव्हादेखील त्यासाठी खासगी बिल्डरला बक्षीस देण्याची गरज नसते, एवढे तरी वरळीने सिद्ध केले. मग गिरगावात ती गरज का भासते? कारण जमीन खासगी आहे आणि तिला हात लावण्याचे धैर्य कोणापाशी नाही. १९८६ साली ते धैर्य क्षणभर दिसले होते. सत्तर टक्के भाडेकरूंनी मागणी केल्यास मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला देऊन इमारत संपादन करायची व त्यांच्या सहकारी संस्थेला द्यायची, अशी तरतूद म्हाडा कायद्यात आली. घरमालक न्यायालयात गेले. तो वाद तीन दशके रेंगाळला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. प्रत्येक नाही, याचा अर्थ काही मानता येतील. ती दारे पूर्ण बंद झालेली नाहीत. पण आपल्या पक्षाने त्या निकालावर एक पत्रक काढण्यापलीकडे काय केले? मालकाने सहा महिन्यांत प्रस्ताव आणला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला संधी देणारी २०२० ची दुरुस्ती २०२२ साली राष्ट्रपतींच्या संमतीने कायदा झाली. आपल्या किती शाखांनी ते कलम फळ्यावर लिहून समजावले?

कार्यकर्त्यांनी काय करावे याबद्दल माझे मत आता उघड सांगतो, आणि त्यातला पहिला मुद्दा आपल्याच लोकांना रुचणार नाही. जे भाडेकरू देऊ शकतात त्यांनी दुरुस्तीसाठी आजच्या भाड्याहून पुष्कळ अधिक रक्कम दरमहा दिली पाहिजे. महिन्याला शंभर रुपये भाडे भरून दूरदर्शन वाहिन्यांसाठी चारशे भरणाऱ्या कुटुंबाची बाजू मला अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मांडता येत नाही. ही रक्कम मालकाच्या हाती जाता कामा नये. भाडेकरूंच्या संस्थेचे स्वतंत्र खाते असावे, उत्पन्नाप्रमाणे वर्गणी असावी, विधवा आणि बेकार यांना माफी असावी. आपल्या जुन्या मंडळींना यात भाडेवाढीचा वास येईल. येऊ द्या. पन्नास वर्षे आपण त्या वासाला भ्यालो, म्हणून आज टेकूंचा वास घेत बसलो आहोत.

दुसरे, तपासणी करणारा अभियंता भाडेकरूंच्या सभेने निवडावा, त्याचे शुल्क मंडळाने उपकराच्या निधीतून द्यावे आणि चुना-सागवानाच्या इमारती जाणणाराच तो असावा. अहवाल मराठीत जिन्याखाली लावला जावा. तिसरे, पुनर्विकासात जादा चटईक्षेत्रावर सरकारला जो पैसा मिळतो त्याचा ठरलेला हिस्सा दुरुस्तीच्या फिरत्या निधीत आला पाहिजे, म्हणजे तराजू निदान थोडा तरी सरळ होईल. उपकरप्राप्त इमारती आज तेरा हजारांच्या आसपास उरल्या आहेत. त्या सगळ्या पाडून बांधायच्या म्हटले तर शहरापाशी तेवढी संक्रमण घरे नाहीत, हे प्रत्येक सरकारला ठाऊक आहे. म्हणजे यांतल्या बहुसंख्य इमारती पुढची दहा-वीस वर्षे उभ्या राहणारच आहेत. त्यांतली माणसे त्या काळात टेकूंखाली झोपणार की दुरुस्त छपराखाली, एवढाच खरा प्रश्न शिल्लक राहतो. आणि जिथे जोतेच खचले आहे तिथे पाडा, अवश्य पाडा. पण पहिला हक्क भाडेकरूंच्या संस्थेचा, प्रत्येकाशी स्वतंत्र नोंदणीकृत करार, आणि घर सोडण्यापूर्वी संपूर्ण मुदतीच्या भाड्याची बँकहमी. मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेतर्फे दिंडोशीला बिल्डरावाचून हजारो घरे उभी करून दाखवली. ती माणसे काही अभियंते नव्हती. जमीन कमाल धारणेचा ज्या कायद्याच्या बळावर ते घडले तो कायदा २००७ साली महाराष्ट्राने रद्द केला, हे दुर्दैव. पण सामान्य माणसांची संस्था बांधकाम करू शकत नाही, हा बिल्डरांचा दावा दिंडोशीत कायमचा खोटा ठरला आहे.

एक टोचणारी गोष्ट राहिली. काही वस्त्यांतून आपलेच जुने कार्यकर्ते संमतिपत्रे गोळा करून देण्याचे काम करीत असल्याचे माझ्या कानावर आहे. ते विनामूल्य करतात असे मला सांगण्यात येते. त्यावर विश्वास ठेवण्याची माझी तयारी आहे, परंतु त्यांनी तसे शाखेच्या सभेत उभे राहून सांगावे.

आमच्या चाळीचा निर्णय अजून झालेला नाही. ती पाडावी लागेल की सावरता येईल, हे आज मला ठाऊक नाही, आणि त्या बिल्डरालाही ठाऊक नाही. सभा संपल्यावर मी आमच्या त्या तरुण साथींना वरच्या मजल्यावर घेऊन गेलो आणि सुताराला बोलावून मागच्या अंगाच्या तुळयांची टोके त्यांच्यासमोर उघडायला लावली. दोन रविवार आम्ही तेच काम केले. छत्तीसपैकी अकरा तुळया कुजलेल्या निघाल्या, त्यांतल्या नऊ एकट्या संडासाच्या कोपऱ्यातल्या. बाकीच्या सागवानात सुताराचा पटाशीचा घाव नीट बसेना. ते आकडे साथींनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतले आहेत. येत्या रविवारच्या सभेत ते तेच मांडणार आहेत, आणि त्या बिल्डरालाही निमंत्रण दिले आहे.